वरच्या वाऱ्यांची पाळी

पाण्याची पाळी म्हणजे काय, हे आपल्या सभासदांना समजावून सांगावयास नको. आज वरच्या शेताला, मग खालच्या शेताला, आणि फेर पूर्ण झाला की पुन्हा पहिल्याला. चित्रीच्या पाण्यावर असो की विहिरीच्या वाटणीतले असो, पाळी चुकली की भांडण ठरलेले. अशीच एक पाळी आपल्या डोक्यावर, ढगांच्याही कितीतरी वर, वारे पाळीत असतात. विषुववृत्ताच्या पट्ट्यात वीस ते तीस किलोमीटर उंचीवर वारा वर्षभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो. मग तो मंदावतो, थांबतो, आणि तितकाच काळ पश्चिमेकडून पूर्वेला वाहू लागतो. पुन्हा उलटतो. हा पूर्ण फेर सरासरी २८ महिन्यांचा आहे. आडसाली लागण धरली, ती सोळा-सतरा महिन्यांनी तुटली आणि मागचा एक खोडवा घेतला, की जेवढे महिने होतात तेवढ्या काळात वरचा वारा एकदा फिरून मूळ दिशेवर येतो.

हा विषय उसाच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, दर वर्षी वळवाचे पाऊस सुरू झाले की गट ऑफिसात, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या पायरीवर एकच विषय निघतो. यंदा पाऊस कसा? मग कोणी पंचांग काढतो, कोणी पावश्याचा आवाज सांगतो, आणि वर्तमानपत्र वाचणारा एखादा तरुण सांगतो की शास्त्रज्ञ म्हणे आभाळातल्या वरच्या वाऱ्यावरून पाऊस ओळखतात. त्यावर आमच्या एका वयस्कर सभासदांनी विचारलेला प्रश्न आमच्या मनात राहिला आहे. ते म्हणाले, "वारा जर ठरल्या पाळीनं फिरतोय, तर दोन वर्सं आधीच पाऊस कळंल की! मग आडसाली धरू का नको, त्ये सांगा एकदा." प्रश्न रास्त आहे. एकरभर आडसाली लागण म्हणजे बेणे, खत, मशागत, मजुरी यांत दीड वर्ष अडकलेला पैसा. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नाही, म्हणून हा लेख.

प्रथम उंचीचा अंदाज यावा. किलोमीटरचे आकडे कागदावर कळत नाहीत, म्हणून आपल्याच रस्त्यांचे माप घेऊ. आजऱ्याहून गडहिंग्लज वीस-बावीस किलोमीटर. तोच रस्ता आडवा न ठेवता आजऱ्याच्या चौकात उभा केला असे समजा. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटावरून आपल्याकडे ढग ढकलीत आणणारा नैऋत्येचा वारा या उभ्या रस्त्याच्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरांतच जोरात असतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस ओततो आणि आपल्याच तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत त्याचा लहानसा भागच पोचतो, हा सारा खेळ त्या खालच्या वाऱ्याचा आणि डोंगराचा. हिरण्यकेशीला पूर येतो तोही त्याच्यामुळे. वर चौदा-पंधरा किलोमीटरवर गेलो तर भर पावसाळ्यात वारा नेमका उलटा, पूर्वेकडून, आणि फार वेगाने वाहत असतो. या पूर्वेच्या झोताची ओळख आपल्याच देशातील हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली जगाला करून दिली. पावसाचे ढग साधारण येथवरच पोचतात. त्याच्या वर, गडहिंग्लज इतक्या अंतरापासून आंबोली इतक्या अंतरापर्यंत, म्हणजे वीस ते पस्तीस किलोमीटरच्या मध्ये, आपला हा पाळीचा वारा. तेथे ढग नाहीत, पाऊस नाही, हवा अत्यंत विरळ. तीस किलोमीटरवर ती जमिनीवरच्या हवेच्या शंभरात एक-दीड भाग एवढीच उरते. पूर्वेची पाळी जोरात असता तेथे ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा असतो. खाली एवढा वारा सुटला तर फडातला ऊस भुईसपाट होईल. वरच्या विरळ हवेत मात्र त्याने पाचटसुद्धा उडणार नाही.

ही पाळी माणसाला कळली कशी, ती हकिगत मोठी गमतीची आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी सुमात्रा आणि जावा यांच्यामधील क्राकाताउ बेटावरचा ज्वालामुखी फुटला. हजारो माणसे समुद्राच्या लाटांनी गेली. त्याची धूळ मात्र वर, फार वर गेली आणि तेथल्या वाऱ्याने तिला पश्चिमेकडे वाहून नेले. दोन आठवड्यांच्या आत ती विषुववृत्तावरून पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालून आली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मद्रास आणि सिलोनकडील लोकांना सूर्य हिरवट दिसला, त्याचे कारण हीच धूळ. त्यावरून विद्वानांनी ठरविले की विषुववृत्तावर वरचा वारा पूर्वेकडून वाहतो. त्याला 'क्राकाताउचे पूर्ववारे' असे नावही पडले. पुढे १९०८ साली बर्सन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या भागात फुगे सोडले. फुगे वर गेले आणि चक्क पूर्वेकडे निघाले! म्हणजे वारा पश्चिमेचा. आता खरे कोणाचे मानावयाचे? विद्वानांनी तडजोड काढली की पूर्ववारे आहेतच, त्यांच्यात कोठेतरी एक बारीक पश्चिमवाऱ्याची धार असावी. ही तडजोड जवळजवळ पन्नास वर्षे पुस्तकांतून छापली गेली.

दोघेही खरे होते. एकाने एका पाळीत पाहिले, दुसऱ्याने दुसऱ्या. एक जण सोमवारी पाट वाहता पाहून गेला आणि दुसरा गुरुवारी कोरडा पाहून गेला, तर दोघांपैकी खोटा कोणीच नसतो. पण हे समजण्यासाठी पाटावर रोज कोणी तरी बसावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिक महासागरातील बेटांवरून रोज नेमाने फुगे सुटू लागले. कँटन नावाच्या एका लहानशा बेटावरील १९५३ पासूनची नोंद फार मोलाची ठरली. १९६० आणि १९६१ साली अमेरिकेत रिचर्ड रीड आणि इंग्लंडमध्ये एब्डन या दोघांनी एकमेकांना ठाऊक नसता अशा नोंदी मांडून पाहिल्या आणि दोघांनाही तीच पाळी दिसली. सोबत एक आणखी विलक्षण गोष्ट दिसली. वारा सगळ्या उंचीवर एकदम उलटत नाही. नवी दिशा प्रथम वर, तीसहून अधिक किलोमीटरवर प्रगटते आणि महिन्याला सुमारे एक किलोमीटर या चालीने खाली खाली उतरते. सोळा-सतरा किलोमीटरवर आली की विरून जाते. तोवर वर उलट दिशा तयार झालेली असते, ती उतरू लागते. माळ्यावरून पोती एकामागून एक खाली सोडावीत तसा हा क्रम.

आता हे चालते कशाने? वर्षाच्या ऋतूंशी त्याचा थेट मेळ नाही, कारण २८ महिने हे वर्षाच्या कोणत्याच हिशेबात बसत नाहीत. आणि दर खेपेस ते नेमके २८ सुद्धा नसतात. कधी फेर दोन वर्षांच्या आतबाहेर आटोपतो, कधी पावणेतीन वर्षेही घेतो. शिवाय आणखी एक पेच होता. पृथ्वी स्वतः पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर पश्चिमेचा वारा असणे म्हणजे तेथील हवा पृथ्वीच्याही पुढे धावते आहे. तिला एवढी ओढ कोण देते? १९६८ साली लिंडझेन आणि होल्टन यांनी याचे उत्तर दिले. ते आम्ही आपल्या भाषेत मांडून पाहतो, थोडे सावकाश वाचावे.

विषुववृत्ताच्या पट्ट्यात रोज प्रचंड ढग उठतात. विहिरीत धोंडा टाकला की लाटा पसरतात, तशा या ढगांच्या उसळीने हवेत लाटा उठतात आणि वर वर जातात. त्यांतील काही लाटा पूर्वेकडे चालणाऱ्या, काही पश्चिमेकडे. प्रत्येक लाटेजवळ आपापल्या दिशेचा थोडा जोर असतो, जणू डोक्यावरचे ओझेच. आता हंगामातला रस्ता डोळ्यांपुढे आणा. तुम्ही डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन कारखान्याकडे चालला आहात आणि शेजारून बैलगाडी त्याच दिशेने, तुमच्याच चालीने चालली आहे. तुम्ही भारा सहज गाडीवर टाकाल. पण गाडी समोरून उलट येत असेल तर? ती निघून जाईल, भारा डोक्यावरच राहील. लाटांचेही तसेच. पूर्वेकडे चालणारी लाट वर जाता जाता पूर्वेकडेच वाहणाऱ्या वाऱ्यात शिरली आणि दोघांची चाल जुळत आली, की ती आपले ओझे त्या वाऱ्यावर टाकून संपते. वारा त्यामुळे आणखी जोर धरतो, तोही खालच्या काठाशी, कारण लाट खालून येते. म्हणून वाऱ्याचा थर खाली खाली सरकतो. पश्चिमेकडे चालणाऱ्या लाटा मात्र त्या थरातून सुखरूप पार होतात आणि वर जाऊन आपले ओझे टाकतात. तेथे उलटा वारा जन्मतो. तोही मग आपल्या जातीच्या लाटा खाऊन खाली उतरू लागतो. खालचा थर चेपत चेपत संपला की पूर्वेकडच्या लाटांना वर जाण्याचा रस्ता मोकळा होतो आणि पाळी पुन्हा बदलते.

ऐकावयास हे कादंबरीसारखे वाटेल. पण १९७८ साली प्लंब आणि मॅकइवन या दोघांनी प्रयोगशाळेत कड्याच्या आकाराच्या भांड्यात मिठाचे पाणी भरले. खाली जड, वर हलके असे ते पाणी होते. मग त्यांनी भांड्याच्या तळाचा पडदा नुसता खालीवर हलविला. कोणत्याही बाजूला ढकलले नाही. थोड्या वेळाने पाणी आपोआप एका दिशेने फिरू लागले, मग थांबले, मग उलटे फिरू लागले, आणि असे आळीपाळीने चालूच राहिले. आभाळातील पाळी एका भांड्यात उतरली. आम्हांला शास्त्रातील जे थोडेफार कळते, त्यात इतका देखणा प्रयोग क्वचितच आढळतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. फुगा फार तर तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंत जातो, मग फुटतो. त्यावरचा वारा पाहावयाचा तर अग्निबाण हवा. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा या कोळ्यांच्या वस्तीत विक्रम साराभाईंनी अग्निबाण-तळ उभारला आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. तेथल्या चर्चची इमारत कार्यालय झाली आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले गेले, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. चंद्रावर यान पाठविणाऱ्या देशाची ती सुरुवात म्हणून आपण ती सांगतो. पण थुंबाचे तेव्हाचे खरे रोजचे काम वरच्या हवेचे होते, हे सहसा कोणी सांगत नाही. १९७० पासून रशियन बनावटीचे एम-१०० अग्निबाण तेथून दर आठवड्याला नेमाने सुटत. ते उंच जाऊन हवाई छत्रीवर उपकरण सोडीत आणि ते तरंगत खाली येताना वारा आणि उष्णमान कळे. एखादा गाजावाजा करणारा अग्निबाण सोडण्यापेक्षा दर आठवड्याला न चुकता एक सोडणे अधिक अवघड, असे आमचे मत आहे. आठवड्याच्या आठवड्याला उसाचे वजन आणि उतारा टिपणाऱ्या आपल्या लॅबोरेटरीतल्या मंडळींना हे लगेच पटेल.

याच थुंबाच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकपद १९७९ ते १९८५ या काळात सांभाळले ते पुण्यात जन्मलेल्या वसंतराव गोवारीकरांनी. अग्निबाणाच्या घन इंधनाचे ते मोठे जाणकार. पुढे ते दिल्लीस विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाले, आणि १९८७ चा दुष्काळ त्यांच्या वाट्याला आला. त्या वर्षी देशभर पाऊस सरासरीपेक्षा जवळजवळ एक-पंचमांशाने कमी पडला. पावसाचा अंदाज आधी सांगता आला पाहिजे अशी निकड सरकारला वाटू लागली. गोवारीकर आणि हवामान खात्यातील व पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी १६ घटकांचे एक गणित बसविले. पॅसिफिकच्या पाण्याचे तापमान, हिमालयावरील व युरेशियातील बर्फ, उत्तर भारतातील उन्हाळ्याची उष्णता, ठिकठिकाणचा हवेचा दाब असे ते घटक होते. आणि त्यांतच एक घटक होता तीस किलोमीटर उंचीवरचा जानेवारीतला वारा.

तो घटक यादीत आला त्यामागे पुण्यातील आणखी काही माणसांची मेहनत होती. उष्णकटिबंधीय हवामान संस्था १९६२ साली पुण्यात निघाली. तेथे मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली, तसेच भालमे, रहाळकर आणि सिकदर यांनी १९८७ साली, पनामा कालव्याच्या काठी असलेल्या बाल्बोआ या ठिकाणच्या वरच्या वाऱ्याच्या नोंदी घेतल्या आणि आपल्या मान्सूनच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. पनामा कोठे आणि आपण कोठे, असे वाटेल. पण वरचा हा वारा विषुववृत्ताभोवती सगळीकडे जवळजवळ एकाच वेळी एकाच दिशेचा असतो, म्हणून पनामाची नोंदही चालते. त्यांना असे दिसले की वर पूर्वेचा वारा जोरात असलेल्या वर्षी पावसाचा कल कमीकडे, आणि तो मंदावलेला किंवा पश्चिमेचा असेल तेव्हा पाऊस बरा. कल म्हणजे काय, तर दहा-वीस वर्षांच्या हिशेबात तोल एका बाजूला झुकतो एवढेच. प्रत्येक वर्षी तसेच होईल अशी हमी त्यात नव्हती आणि त्यांनीही ती दिली नव्हती.

१९८८ साली १६ घटकांचा अंदाज प्रथम जाहीर झाला. पाऊस चांगला होईल असे त्यात म्हटले होते, आणि त्या वर्षी तो भरपूर झाला. देशभर गोवारीकरांचे नाव झाले. त्यानंतर ओळीने तेरा वर्षे देशाचा एकूण पाऊस कमीअधिक सरासरीच्या घरातच राहिला आणि गणितावरचा विश्वास वाढत गेला. मग आले २००२. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. प्रत्यक्षात पडला ८१ टक्के. जुलै महिन्यात तर देशाला निम्म्याच्या आसपासच पाऊस मिळाला. आपल्याकडील शेतकऱ्याला ते साल विसरता येणार नाही, कारण त्याच पावसाळ्यात सांगलीकडून लोकरी मावा उसावर आला. पानावर पांढरा कापूस पसरल्यासारखा दिसे आणि खाली चिकटा गळे. एका बाजूला पाणी नाही, दुसऱ्या बाजूला मावा.

२००३ साली हवामान खात्याने ते गणित बदलले. बरेच जुने घटक काढले, नवे घातले. २००७ साली आणखी एक पद्धत आली, तिच्या घटकांत बाल्बोआचा वारा नव्हता. येथे कोणाला दोष देण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. काही घटकांचे पावसाशी असलेले नातेच काळाच्या ओघात सैल झाले होते. असाच अनुभव अमेरिकेतही आला. तेथे विल्यम ग्रे नावाचे प्राध्यापक १९८४ पासून अटलांटिकवरील वादळांचा अंदाज सांगताना याच वरच्या वाऱ्याचा आधार घेत. पुढे तेही नाते विरले आणि त्यांना तो आधार सोडावा लागला. गोवारीकरांविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. निवृत्तीनंतर त्यांनी सहकाऱ्यांसह खतांचा एक मोठा इंग्रजी ज्ञानकोश तयार केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. अग्निबाण, पाऊस आणि खत असा हा प्रवास. २ जानेवारी २०१५ रोजी ते वारले.

मग आमच्या सभासदांच्या प्रश्नाचे काय? वरचा वारा केव्हा उलटणार हे वर्षभर आधी बऱ्यापैकी सांगता येते, हे खरे. पण पाऊस त्या एका वाऱ्याच्या हातात नाही. त्यापेक्षा पॅसिफिकच्या पाण्याचा आणि हिंदी महासागराचा हात कितीतरी मोठा आहे. शिवाय वरच्या वाऱ्याचा खेळ विषुववृत्तावर सर्वांत जोराचा असतो आणि उत्तरेस जावे तसा मंद होत जातो. आजरा सोळा अंश उत्तरेला आहे. येथे वर तो जाणवतो पण पुष्कळच मावळलेला. आणि देशाच्या एकूण पावसाचा अंदाज बरोबर आला, तरी तो पेरणोलीला किती आणि उत्तूरला किती हे सांगत नाही. म्हणून या वाऱ्याच्या पाळीवरून कोणी लागणीचा सल्ला देऊ लागला, तर त्याला चहा पाजावा आणि लागण आपल्या विहिरीच्या पाण्याकडे पाहून करावी.

आणि पाळीही मोडू शकते, हे २०१६ साली दिसले. १९५३ पासून साठाहून अधिक वर्षे जी पाळी एकदाही चुकली नव्हती, ती त्या वर्षी फेब्रुवारीत बिघडली. पश्चिमेचा वारा नेहमीप्रमाणे उतरत होता, आणि त्याच्या ऐन पोटात, बावीस-तेवीस किलोमीटरवर, अचानक पूर्वेचा वारा उपटला. तो वरून उतरून आलेला नव्हता. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातून आडव्या आलेल्या मोठ्या लाटांनी हे केले, असे पुढे शोधांती दिसून आले. त्या आधीच्या हिवाळ्यात पॅसिफिकचे पाणी फार तापले होते, त्याचाही हात यात असावा असे पुष्कळांचे मत आहे. जगभरचे जाणकार चकित झाले, कारण कोणत्याही गणिताने हे आधी सांगितले नव्हते. काही महिन्यांनी घडी पुन्हा बसली. पण २०१९-२० च्या हिवाळ्यात तसाच मोड पुन्हा एकदा आला. साठ वर्षांत एकदाही नाही आणि चार वर्षांत दोनदा, याचा अर्थ काय लावावयाचा? पृथ्वी तापत चालली आहे तसा हा वारा खालच्या थरांत दुबळा होत जाईल असे काही संगणकी गणिते सांगतात. दोन खेपांवरून निर्णय देण्यास आम्ही तयार नाही.

पाळीचा हा वारा अगदीच निरुपयोगी असेही नाही. उत्तर ध्रुवाकडील हिवाळ्यावर त्याचा परिणाम होतो, हे होल्टन आणि टॅन यांनी १९८० साली दाखविले. ज्वालामुखीची धूळ वर गेली तर कोणीकडे पसरेल, हे त्यावर ठरते. आणि अलीकडे, २०१६ पासून, आपल्या अधिक जवळची एक गोष्ट कळली आहे. हिंदी महासागरावरून ढगांचे मोठे थवे तीस ते साठ दिवसांच्या अंतराने पूर्वेकडे सरकत असतात. वर पूर्वेचा वारा असता, थंडीच्या महिन्यांत, हे थवे जास्त जोमदार असतात आणि त्यांचा अंदाज अधिक दिवस आधी सांगता येतो. पावसाळ्यात हे नाते तेवढे दिसत नाही. तरी दोन ते चार आठवड्यांचा अंदाज सांगण्याच्या शास्त्राला याने हात दिला आहे. हवामान खाते असा अंदाज दर गुरुवारी काढते. खताचा हप्ता केव्हा द्यावा, आंतरमशागत केव्हा उरकावी, यासाठी हाच अंदाज सभासदांच्या खरा उपयोगाचा, आणि तो मोबाईलवर फुकट मिळतो.

शेवटी घरच्या गोष्टीकडे येतो. आजऱ्याहून कोल्हापूर पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास. आपला तो उभा केलेला रस्ता तेवढा उंच नेला तर जेथे पोचू, तेथला वारा मोजण्याचे यंत्र आपल्या कोल्हापुरातच बसविले गेले. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९९ च्या सुमारास एक रडार उभारले. विद्यापीठात शिकलेल्या आपल्या भागातील मुलांनीही कदाचित त्या तारा पाहिल्या असतील आणि त्या कशाच्या हे विचारले नसेल. ते रडार रेडिओच्या लहरी सरळ वर सोडते. ऐंशी ते अठ्ठ्याण्णव किलोमीटरच्या थरात हवेला थोडासा विजेचा भार असतो, त्यावरून लहरींचा अगदी क्षीण भाग परत फिरतो. तो पकडण्यासाठी जमिनीवर एकमेकांपासून दूर असे तीन ठिकाणी ग्राहक असतात. ढगाची सावली आधी तुमच्या फडावर येते, मग शेजाऱ्याच्या, मग ओढ्यापलीकडच्या. तिघांनी वेळ टिपून ठेवली तर ढग कोणत्या दिशेने किती वेगाने गेला, हे ढगाकडे न पाहताही सांगता येईल. रडार हेच करते.

तेथे वर काय आढळते? तेथे पाळी सव्वादोन वर्षांची नसून मुख्यतः सहा महिन्यांची असते. वर्षातून दोनदा दिवस आणि रात्र समान होतात, त्या सुमारास, म्हणजे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, ऐंशी किलोमीटरवर विषुववृत्तीय पट्ट्यात पूर्वेचा वारा जोर करतो. आणखी खाली, पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर, तेव्हाच पश्चिमेचा असतो. म्हणजे खालच्या मजल्यावर एक दिशा तर वरच्या मजल्यावर उलट. कारण तेच ओझ्याचे. खालच्या वाऱ्याने आपल्या दिशेच्या लाटा अडवून घेतल्या, की वर पोचतात त्या उलट्या दिशेच्या. तिरुनेलवेलीला १९९२ च्या अखेरीपासून असेच रडार आहे. तेथील आणि कोल्हापूरच्या नोंदी शेजारी ठेवून या क्षेत्रातील मंडळींनी अनेक निबंध लिहिले आहेत. विषुववृत्तापासून दूर जाताना पाळी कशी बदलते, हे त्यावरून कळते.

आणि रडार किंवा अग्निबाण नको असेल तर साधा फुगाही आहे. घाटाखाली पणजीच्या वेधशाळेतून हायड्रोजनचा फुगा उपकरण घेऊन वर जातो. जगभरच्या अशा केंद्रांची ठरलेली वेळ आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच ही आहे. या वेळा साधण्यासाठी फुगा थोडा आधी सुटतो. पहाटेच्या लायटीला मोटर सुरू करावयास आपण बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, त्याच सुमारास तो वर चढत असतो. तास-दीड तासात तो त्या पाळीच्या वाऱ्यापर्यंत पोचतो, वारा कोणीकडचा हे कळवितो आणि फुटतो.

या लेखासंबंधी सभासदांच्या काही शंका असल्यास त्या आपल्या गट ऑफिसात लेखी द्याव्यात. उत्तर देता येण्याजोग्या शंका पुढील अंकात घेऊ.